दुसरी परकी भाषा निवडताना: जर्मनीतील मराठी पालकांना खुले पत्र

ज्यांचे मूल यंदा गिम्नाझियुमच्या (विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेच्या) पाचवीत आहे अशा जर्मनीतील सर्व मराठी पालकांस, तसेच शनिवार-रविवारी मराठीचे वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

पाचवीचे वर्ष अर्ध्यावर आले की शाळेकडून एक पत्र घरी येते आणि पुढच्या वर्षापासून मूल दुसरी परकी भाषा कोणती शिकणार हे ठरावीक तारखेपर्यंत कळवायचे असते. आमच्या बव्हेरियात ही भाषा सहावीपासून सुरू होते, इतर काही राज्यांत थोडी उशिरा. बहुतेक शाळांत दोन चौकोन असतात, लॅटिन आणि फ्रेंच, आणि त्यांपैकी एकावर खूण करायची असते. त्या सुमारास आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी तोच प्रश्न येतो आणि दरवर्षी तीच दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की लॅटिन मेलेली भाषा आहे, कोणी बोलत नाही, फ्रेंच घ्या. दुसरे असे की मुलाला डॉक्टर करायचे असेल तर लॅटिन घ्या. ही दोन्ही उत्तरे आपल्या मुलांच्या बाबतीत चुकीची आहेत असे मला अनुभवाने वाटते, आणि अर्ध्या तासाच्या चर्चेत हा विषय निकालात निघतो याचे मला दरवर्षी वाईट वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी लॅटिनची शिक्षिका नाही. मी शाळेत दहावीपर्यंत संस्कृत शिकले आणि गेली अठरा वर्षे न्युर्नबर्गच्या परिसरात राहते. माझी मुलगी आता दहावीत आहे, तिचे लॅटिनचे हे पाचवे वर्ष. धाकट्या मुलाने यंदा सहावीत लॅटिन सुरू केले. मुलीच्या वेळी मीदेखील फ्रेंचच्या बाजूने होते. लॅटिन तिने स्वतः निवडले, आणि ते का निवडायला हवे होते हे मला हळूहळू, तिच्या गृहपाठाच्या वह्या पाहता पाहता कळले.

आधी लॅटिनकडून कशाची अपेक्षा धरू नये ते सांगते, कारण चुकीच्या अपेक्षेने निवडलेला विषय दोन वर्षांत मुलाच्या गळ्यातले लोढणे होतो. लॅटिनने बुद्धी तल्लख होते, गणित सुधारते, तर्कशक्ती वाढते, असे येथील जुन्या पिढीतील लोक आजही अगदी खात्रीने सांगतात. या समजुतीची तपासणी झालेली आहे. ल्युडविग हाग आणि एल्सबेट श्टेर्न या संशोधकांनी जर्मन विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात लॅटिन शिकणाऱ्यांची सर्वसाधारण बुद्धिमत्ता इतरांपेक्षा वाढल्याचे दिसले नाही. त्यांच्याच २००३ सालच्या अभ्यासात, स्पॅनिश नव्याने शिकताना पूर्वी फ्रेंच शिकलेले विद्यार्थी पूर्वी लॅटिन शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. म्हणजे लॅटिन घेतले की पुढे सगळ्या युरोपीय भाषा आपोआप सोप्या होतात, हे म्हणणेही तसेच्या तसे टिकत नाही. वैद्यकशास्त्राच्या प्रवेशाला तर लॅटिनुम, म्हणजे शाळेतील लॅटिन विशिष्ट पातळीपर्यंत पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, आता लागतच नाही. वैद्यकीय परिभाषेचा छोटा अभ्यासक्रम तेथे साधारणपणे सर्वांनाच करावा लागतो, शाळेत लॅटिन घेतलेले असो वा नसो. काही थोड्या विद्याशाखांत, मुख्यतः धर्मशास्त्र, प्राचीन इतिहास, पुरातत्त्व अशा ठिकाणी लॅटिनची अट अजून भेटते, पण तिथेही ती अनेक राज्यांत सैल झाली आहे. केवळ प्रमाणपत्रासाठी पाच वर्षे घालवावीत असे मी कोणालाच सांगणार नाही.

मग लॅटिन का घ्यायचे? माझे उत्तर एकच आहे, आणि ते आपल्या मुलांच्या जर्मनशी निगडित आहे.

आपली मुले उत्तम जर्मन बोलतात. बालवाडीपासून बोलतात, उच्चारात खोट काढायला जागा नसते, आणि आपल्या अडखळत्या जर्मनमुळे आपल्याला ती अधिकच सफाईदार वाटते. पण चौथीच्या पुढे 'डॉइच', म्हणजे जर्मन भाषा, या विषयात काहीतरी घासू लागते. तोंडी गुण चांगले आणि लेखी गुण मध्यम, असे प्रगतिपुस्तक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मैदानावर पुरणारी भाषा इतिहासाच्या किंवा जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला पुरत नाही. तेथे वाक्ये लांब, कर्मणी प्रयोग जागोजागी, आणि कोणी कोणाला काय केले हे विभक्तीच्या एका अक्षरावर अवलंबून असते. जर्मन घरातल्या मुलांना हे वळण आजी-आजोबांच्या बोलण्यातून, गोष्टींच्या पुस्तकांतून थोडेफार मिळालेले असते. आपल्या घरात ते कोण देणार? माझी मुलगी तिसरीत असताना तिच्या शाळेतून आम्हाला सल्ला मिळाला की घरी मराठी बंद करा आणि जर्मनच बोला. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, परंतु आम्ही तो काही महिने पाळला आणि आमच्या चुकांनी भरलेली जर्मन मुलीच्या कानावर घातली, याची खंत मला अजून आहे. तिचे जर्मन त्यामुळे सुधारले नाही. मराठी मात्र तेवढ्या काळात मागे पडली.

आता लॅटिनच्या तासाला काय घडते ते पाहा. फ्रेंचच्या तासाला मुले फ्रेंच बोलायला शिकतात आणि शिक्षक शक्यतो फ्रेंचमध्येच बोलतात; ते योग्यच आहे. लॅटिनच्या तासाला मात्र कोणी लॅटिन बोलत नाही. सर्व चर्चा जर्मनमध्ये चालते, आणि प्रत्येक तासाचे फलित म्हणजे एक नीट घडवलेले जर्मन वाक्य असते. लॅटिनचे चार-पाच शब्दांचे वाक्य समोर ठेवायचे, क्रियापद शोधायचे, कर्ता शोधायचा, प्रत्यय पाहून कर्म वेगळे काढायचे, आणि मग हे सगळे जर्मनमध्ये कसे म्हणायचे, कोणता क्रम, कोणते आर्टिकल, कोणता काळ, यावर वर्गात वाद घालायचा. आठवड्यातून साधारण चार तास, वर्षानुवर्षे, जर्मन वाक्य उघडून त्याची यंत्रणा पाहायची आणि परत जोडायचे. डॉइचच्या तासाला एवढी सवड नसते, कारण तेथे मुलांना व्याकरण मुळातच येते असे गृहीत धरलेले असते. शिवाय लॅटिनच्या पहिल्या दिवशी वर्गातले प्रत्येक मूल शून्यावर असते. कोणाच्याही घरी लॅटिन बोलले जात नाही. आपल्या मुलांना या देशातील शाळेत असा दुसरा विषय क्वचितच मिळतो.

एक उदाहरण जवळून दाखवते, कारण माझे मत पालटले ते याच उदाहरणाने. मुलीच्या सहावीच्या वहीत दोन वाक्ये होती. पहिले: 'मार्कुस आमिकुम विदेत', म्हणजे मार्कुस मित्राला पाहतो. दुसरे: 'मार्कुस आमिको लिब्रुम दात', म्हणजे मार्कुस मित्राला पुस्तक देतो. मराठीत दोन्हीकडे 'मित्राला'. आपल्या व्याकरणात एक द्वितीया आहे आणि दुसरी चतुर्थी, पण प्रत्यय तोच, 'ला'. जर्मनमध्ये मात्र पहिल्या वाक्यात 'डेन फ्रॉइंड' आणि दुसऱ्यात 'डेम फ्रॉइंड'. माझी मुलगी 'डेन' आणि 'डेम' यांत सतत गोंधळत असे, आणि हा हलगर्जीपणा नव्हता हे त्या दिवशी मला प्रथम समजले. तिच्या मनातल्या मराठीने ते दोन्ही एकाच खणात ठेवले होते. शिक्षक लाल खूण करत राहिले, आम्ही 'लक्ष देऊन लिही' म्हणत राहिलो, आणि चुकीचे मूळ कोणीच तिला दाखवले नाही. लॅटिनच्या 'आमिकुम' आणि 'आमिको' यांनी ते दाखवले. वहीत तिने 'उम'खाली लाल रेघ आणि 'ओ'खाली निळी रेघ ओढली होती. पुढे काही आठवडे ती जर्मन निबंधातही मनातल्या मनात लाल-निळ्या रेघा ओढते आहे असे सांगत होती. ही चूक तिच्या लिखाणातून एका वर्षात जवळपास गेली.

हा केवळ माझ्या घरचा योगायोग नाही. बर्लिनच्या नॉयक्योल्न भागातील एर्न्स्ट-आबे-गिम्नाझियुममध्ये, जेथील बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा जर्मन नाही, हुम्बोल्ट विद्यापीठातील लॅटिनचे अध्यापनशास्त्रज्ञ श्टेफान किप्फ आणि त्यांचे सहकारी यांनी लॅटिनकडे नेमक्या याच दृष्टीने पाहिले आहे. त्या प्रकल्पाचे नाव 'पोन्स लातिनुस', म्हणजे लॅटिनचा पूल. घरची भाषा आणि जर्मन यांच्यामध्ये लॅटिन ही तिसरी, कोणाचीच नसलेली भाषा उभी राहिली की मुलांना दोन्हीकडचे व्याकरण शांतपणे पाहता येते, अशी त्यामागची मांडणी आहे. तेथील अनेक मुले तुर्की आणि अरबी बोलणाऱ्या घरांतली आहेत. मराठी घरांतील मुलांना हा पूल आणखी जवळचा आहे असे माझे मत आहे, कारण आपली भाषा लॅटिनच्या नात्यातली आहे.

वरचे दुसरे वाक्य पुन्हा पाहा. 'मार्कुस आमिको लिब्रुम दात': मार्कुस, मित्राला, पुस्तक, देतो. चार शब्द, तोच क्रम, क्रियापद शेवटी, आर्टिकल नाही. जर्मन मुलाला क्रियापद शेवटाहून दुसऱ्या जागी आणावे लागते, दोन आर्टिकल पदरची घालावी लागतात. मराठी मूल वाक्य आधी जसेच्या तसे समजून घेऊ शकते आणि मग निवांतपणे जर्मनमध्ये उतरवू शकते. लॅटिनची जी विभक्ती जर्मन मुलांना सर्वांत अवघड जाते तिचे नाव आब्लातिव. जर्मनमध्ये ती नाहीच, म्हणून मुले ती केवळ पाठ करतात. आपल्याकडे तिच्या जागी तीन विभक्ती आहेत. 'ग्लादिओ' म्हणजे तलवारीने, ही आपली तृतीया. 'रोमा', शेवटचा आ लांबवून, म्हणजे रोमहून, ही पंचमी. 'एओ दिए' म्हणजे त्या दिवशी, ही सप्तमी. प्राचीन काळी वेगळ्या असलेल्या या तिन्ही विभक्ती लॅटिनमध्ये एका रूपात मिसळल्या. हे ज्या मुलाला मराठीतून कळले, त्याला आब्लातिवचे कोष्टक पाठ करावे लागेल, पण त्याची भीती वाटणार नाही. त्याचप्रमाणे आठवीच्या सुमारास 'उर्बे काप्ता' यासारखी रचना येते आणि वर्गात हाय खाल्ली जाते. जर्मनमध्ये तिच्यासाठी 'नाखडेम'ने सुरू होणारे सहा शब्दांचे पोटवाक्य लागते. मराठीत म्हणायचे 'शहर जिंकल्यावर', काम झाले. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांना 'नगरे जिते सति' आठवेल. ही आपली सति सप्तमीच आहे.

मुलीच्या मराठीलाही याचा उपयोग झाला, आणि याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. परदेशात वाढणाऱ्या मुलांची मराठी कोठे अडखळते हे आपण सगळे जाणतो. 'मी चिठ्ठी लिहिलो', 'मी पोळी खाल्लो' असे ती बोलतात, आपण हसून सुधारतो, आणि ती पुन्हा तेच बोलतात, कारण क्रियापदाने कर्त्याला सोडून कर्माचे लिंग का घ्यावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपल्यालाही ते सांगता येत नाही. सातवीत लॅटिनचा कर्मणी भूतकाळ आला तेव्हा एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी आणि मुलीने मिळून तीन ओळी लिहिल्या. 'लिबेर स्क्रिप्तुस', ग्रंथ लिहिला. 'एपिस्तुला स्क्रिप्ता', चिठ्ठी लिहिली. 'कार्मेन स्क्रिप्तुम', गीत लिहिले. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, दोन्हीकडे तीन आणि दोन्हीकडे शेवटचा स्वर किंवा प्रत्यय बदलणारा. जर्मनमध्ये तिन्ही जागी 'गेश्रीबन' तसेच राहते, त्यामुळे जर्मनमधून हे तिला कधीच समजले नसते. त्या रूपांतला 'त' आणि संस्कृतातील गत, कृत, जित यांतला 'त' हा एकच प्रत्यय आहे, आणि आपले 'लिहिला'देखील 'लिखित'मधूनच पुढे आले आहे, हे मी तिला सांगितले. तिने वहीतून वर पाहिले आणि विचारले, 'म्हणजे चिठ्ठी लिहिली गेली, आणि लिहिणारी मी होते, असं आहे का ते?' व्याकरणाच्या दृष्टीने ते अगदी असेच आहे. मराठी घरी बंद करा असे जिला सांगितले गेले होते, त्या मुलीला आपली मराठी वर्गातल्या इतर कोणाहीजवळ नसलेले हत्यार आहे असे त्या दिवशी वाटले, आणि ते मला कोणत्याही गुणांपेक्षा मोलाचे वाटते.

शब्दांविषयी थोडक्यात लिहिते, कारण हा लाभ तसा सर्वांना ठाऊक आहे. रोमन लोकांनी ऱ्हाइन आणि डान्यूबच्या काठी दगडविटांची बांधकामे आणली आणि त्यांच्याबरोबर शब्दही राहून गेले: खिडकीचे 'फेन्स्टर' हे 'फेनेस्त्रा'पासून, भिंतीचे 'माउअर' 'मुरुस'पासून, कौलाचे 'त्सीगेल' 'तेगुला'पासून, रस्त्याचे 'श्ट्रासे' फरसबंदीच्या 'स्त्राता'पासून. क्योल्न शहराचे नाव म्हणजे मूळ 'कोलोनिया'. याहून अधिक कामाचे ते पाठ्यपुस्तकातले शब्द. 'त्राहेरे' म्हणजे ओढणे, एवढे एक क्रियापद कळले की ट्रॅक्टर, एक्स्ट्राक्ट, अब्स्ट्राक्ट, गणितातले सुब्ट्राहिरेन हे सारे एका कुटुंबात येऊन बसतात आणि अनोळखी शब्दाला बिचकण्याची सवय मोडते. आणि मग असे काही शब्द भेटतात की जे तिन्ही घरांत आहेत. संस्कृत 'अस्ति', लॅटिन 'एस्त', जर्मन 'इस्ट'. 'सन्ति', 'सुन्त', 'झिंड'. 'विधवा', 'विदुआ', 'व्हिटवे'. हे साम्य शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारा फ्रान्त्स बोप हा मूळचा माइन्त्सचा, आणि संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन क्रियापदांशी तुलना करणारे त्याचे पुस्तक १८१६ साली येथेच, फ्रांकफुर्टमध्ये छापले गेले. आपल्यातील कित्येक कुटुंबे आज त्याच शहरात राहतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

लॅटिन ही चर्चची आणि गोऱ्या लोकांची भाषा, तिच्याशी आपला काय संबंध, असेही एका स्नेह्यांनी मला विचारले होते. संबंध आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये लॅटिनमध्ये छापलेल्या 'होर्तुस मालाबारिकुस' या बारा खंडांच्या वनस्पतिग्रंथासाठी कोचीनच्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणीभाषक वैद्यांनी साहाय्य केले आणि त्यांचे निवेदन त्या ग्रंथात देवनागरी अक्षरांत छापलेले आहे. वनस्पतींची शास्त्रीय नावे ठरवताना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने हा ग्रंथ वापरला. मुंबई विद्यापीठातही एके काळी अभिजात भाषा म्हणून संस्कृत, फारसी यांच्या जोडीने लॅटिन घेता येत असे. भाषा कोणाची हा प्रश्न ज्ञानाच्या व्यवहारात फार काळ टिकत नाही.

आता अडचणी. लॅटिन हा कष्टाचा विषय आहे आणि ते कष्ट रोजचे असतात. शब्द आणि रूपे रोज दहा-पंधरा मिनिटे घोकावी लागतात. आठवडाभर सोडून परीक्षेच्या आदल्या रात्री बसले तर काहीच हाती लागत नाही. पहिली दोन वर्षे सोपी जातात आणि मूल आरामात राहते, मग तिसऱ्या वर्षी पाठ्यपुस्तकातली बेतलेली वाक्ये संपत येतात, खरे उतारे सुरू होतात आणि गुण घसरतात. आमच्याकडे घसरले होते. एका सहामाहीत चार ही श्रेणी आली (येथे एक सर्वांत चांगली, सहा सर्वांत वाईट) आणि घरात बरीच धुसफूस झाली. त्या वेळी मुलीच्या शिक्षकांनी तिला फक्त रोजच्या शब्दांच्या चिठ्ठ्यांची पेटी पुन्हा सुरू करायला सांगितली, शिकवणी लावू दिली नाही, आणि त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. दुसरी अडचण नवी आहे. कोणत्याही लॅटिन उताऱ्याचे भाषांतर आता फोनवर क्षणात मिळते. मुलाने ते उतरवून काढले तर वर सांगितलेला सर्व लाभ शून्य होतो, कारण लाभ भाषांतर हातात असण्यात नसून ते करताना जो वेळ जातो त्यात आहे. हे मुलाशी पहिल्या महिन्यातच मोकळेपणाने बोलावे.

फ्रेंच कोणी घ्यावे हेही सांगितले पाहिजे, कारण ही भाषा कमी प्रतीची आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. ज्या मुलाला बोलण्यात रस आहे, नव्या माणसाशी नव्या भाषेत बोलायला मिळाले की ज्याचा चेहरा खुलतो, त्याला लॅटिनच्या तासाला गुदमरल्यासारखे होईल. फ्रान्सच्या किंवा लक्झेंबर्गच्या सीमेजवळ राहणाऱ्यांसाठी फ्रेंच ही शेजाऱ्याची भाषा आहे. दोन-तीन वर्षांत भारतात परतायचे ज्यांचे नक्की आहे त्यांनीही फ्रेंचचाच विचार करावा. तेथील शाळांत फ्रेंच पुढे चालू ठेवता येईल, लॅटिन बहुधा नाही. माझे म्हणणे मुख्यतः त्या घरांसाठी आहे जेथे मूल वाचणारे आहे, कोडी सोडवण्यात रमणारे आहे, लाजरे असले तरी हरकत नाही, आणि ज्याचे बोलके जर्मन आणि लेखी जर्मन यांत अंतर पडू लागले आहे. अशा मुलांना 'आधीच जर्मन कच्चे, त्यात लॅटिन कशाला' म्हणून लॅटिनपासून दूर ठेवले जाते, कधी आपल्याकडून आणि कधी शाळेकडून. मला ही सर्वांत मोठी चूक वाटते. जर्मन कच्चे आहे हेच लॅटिन घेण्याचे कारण आहे.

मराठीचे वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपण स्वखुशीने, सुट्टीचा दिवस मोडून हे वर्ग घेता याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि वर्ग रुक्ष होऊ नये म्हणून व्याकरण टाळून गाणी, गोष्टी आणि सण यांवर भर देता हेही समजते. तरीही अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी वर्षातले चार तास विभक्तीसाठी काढावेत. प्रथमा ते संबोधन हे कोष्टक फळ्यावर लिहावे आणि मुलांना त्यांच्या शेजारी जर्मनची चार रूपे आणि, ज्यांना लॅटिन आहे त्यांना, लॅटिनची रूपे स्वतः लिहू द्यावीत. 'ला' कोठे दोन कामे करतो, 'ने', 'हून' आणि 'त' मिळून लॅटिनमध्ये एक कसे होतात, एवढेच त्यांच्याकडून काढून घ्यावे. आमच्या भागातल्या वर्गात मागच्या वर्षी हा प्रयोग दोनदा झाला. एरवी मराठीच्या वर्गाला ओढून आणावी लागणारी तीन मुले त्या दिवशी फळ्यापाशी भांडत होती की 'घरी' हा शब्द सप्तमी आहे की नुसते अव्यय.

शेवटी शाळेच्या माहितीसभेविषयी. तेथे दोन्ही भाषांचे शिक्षक आपापल्या विषयाची ओळख करून देतात, आणि आपण बहुतेक वेळा मागच्या रांगेत गप्प बसतो. कृपया तीन गोष्टी विचारा. तिसऱ्या वर्षी, जेव्हा खरे उतारे सुरू होतात, तेव्हा मुलांना कोणती मदत मिळते. ज्यांच्या घरी जर्मन बोलली जात नाही अशा मुलांचा या शाळेतील लॅटिनचा अनुभव कसा आहे. आणि पुढे तिसरी परकी भाषा घेण्याची सोय आहे का, कारण ती असेल तर लॅटिन घेतलेल्या मुलाला फ्रेंच किंवा स्पॅनिश नंतरही घेता येते आणि निवडीचा ताण निम्मा होतो. घरी आल्यावर मुलाला 'मार्कुस आमिको लिब्रुम दात' हे वाक्य कागदावर लिहून द्या, अर्थ सांगू नका, चारपैकी एकच शब्द सांगा, आणि ते त्या कागदाशी किती वेळ खेळते ते बघा. अर्ज भरायची तारीख बहुतेक शाळांत माहितीसभेनंतर लवकरच असते, तेव्हा हा कागद त्याच आठवड्यात काढावा.

आपली,
एक मराठी पालक
न्युर्नबर्ग परिसर